सातवी पायरी

३ मार्च, सोमवार

आज सकाळी साडेसातला शाळेच्या मागच्या लोखंडी जिन्यावर चढलो आणि हातोडीने एकेक पायरी वाजवून पाहिली. पहिली — थप्प. दुसरी — थप्प. तिसरीवर हातोडी नुसती टेकली, तर तळहाताएवढा हिरवा रंग वाळक्या पानासारखा उलटला. त्याच्या पाठीला काळी खपली चिकटलेली. खाली तांबूस भुगा. चौथी, पाचवी, सहावी — सगळ्यांचं रडगाणं एकच. आणि सातवी वाजली — टण्ण! मला वाटलं माझेच कान वाजले. पुन्हा मारली. पुन्हा टण्ण. मग आठवीपासून वर बाविसावीपर्यंत परत थप्प, थप्प, थप्प.

खाली मोठ्या बाई उभ्या होत्या. याच वर्षी मुख्याध्यापिका म्हणून इथे आल्या. हातात वही, वहीला दोऱ्याने बांधलेलं पेन्सिलीचं बुटूक. म्हटलं, बाई, जिना आजच्या आज बंद करा, मुलांना पुढच्या जिन्याने जाऊ द्या. त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. दोरी मागवली. मग मान वर करून जिन्याकडे बघत म्हणाल्या, "कोणत्या शहाण्याने केलाय हो हा?"

मी म्हणालो, "बघावं लागेल."

बघावं लागेल! जणू शोध लावायचाय. जिना मी केलाय. एकोणीस वर्षांपूर्वी. बावीसच्या बावीस पायऱ्या याच हातांनी जोडल्यात.

शाळेच्या समितीने, तीही सगळी नवी माणसं, मला का बोलावलं तेही लिहून ठेवतो, पुढे कधी वाचलं तर हसायला होईल. नवा जिना कोणत्या लोखंडाचा करावा याचा सल्ला द्यायला त्यांना 'लोखंडातलं कळणारा, सचोटीचा माणूस' हवा होता. सल्ला पटला तर कामही त्यालाच. चौकशी केल्यावर सगळ्यांनी माझंच नाव सांगितलं म्हणे.

दोरी घेऊन घंटाकाका आले. शाळेची घंटा तीस वर्षं तेच वाजवतात. जिन्याचं काम चाललं होतं तेव्हा मला प्यायचं पाणी तेच आणून देत. दोरी बांधता बांधता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मिस्त्री, पूर्वी कधी इकडे येणं झालं होतं का?"

"झालं असेल."

"असेल, असेल," म्हणाले आणि गाठ आवळली.

४ मार्च, मंगळवार

गावच्या शाळेतले गुरुजी सांगायचे, दिवसातून एक पान खरं लिहावं. पान मी लिहितो. खरं किती, ते गुरुजींनी तपासलं नाही म्हणून निभावलं.

तर आज खरं. दोष लोखंडाचा नाही.

लोखंड दोन तऱ्हेचं येतं. लालबुंद असताना लाटलेलं, त्याला आम्ही एचआर, म्हणजे हॉट रोल्ड, म्हणतो. आणि ते निवाल्यावर पुन्हा दाबून, ताणून गुळगुळीत केलेलं, ते सीआर. सीआर दिसायला देखणं, मापाला काटेकोर. कपाट, खुर्ची, जिथे हात आणि डोळा फिरतो तिथे तेच घ्यावं. एचआर काळपट, कडा गोलसर, दहा मिलिमीटर म्हणजे साधारण दहा. पण ते आपल्या चालीने निवालेलं असतं. अंगात ताण धरून बसत नाही. कापा, जोडा, रुसत नाही. जिना, खांब, तुळई, जिथे भार घ्यायचा तिथे एचआर. मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी हेच सांगीन.

फक्त त्याच्या अंगावर जन्मतःच एक निळसर काळी खपली असते. इतकी सुंदर, की वाटतं देवाने रंगवूनच पाठवलंय! ती काढायची असते. न काढता वरून रंग दिला, तर रंग लोखंडाला धरत नाही, खपलीला धरतो. आणि खपली कुणालाच धरत नाही. चार-सहा वर्षं सगळं झकास दिसतं. आत पाणी शिरतं, आणि मग रंग आणि खपली दोघं हातात हात घालून निघून जातात.

मी काढली नव्हती.

माणसांनाही हे लागू आहे, असं पुढे लिहिणार होतो. नको. फळ्यावरच्या सुविचारासारखं होईल.

६ मार्च, गुरुवार

समितीपुढे आज दुसरे सल्लागार आले. एका मोठ्या लोखंडाच्या दुकानाचे विक्रेते. टाय लावलेला, बूट असे की त्यात जिना दिसत होता. त्यांनी पेटी उघडली. आत निळी मखमल, मखमलीवर सीआरच्या पट्ट्या. दागिने मांडावेत तशा. एक पट्टी समितीच्या अध्यक्षांच्या हातात दिली. अध्यक्षांचं चष्म्यांचं दुकान आहे. त्यांनी पट्टीत स्वतःचं तोंड पाहिलं, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "याला म्हणतात माल."

टायवाल्यांचं म्हणणं, जिना सीआरच्या चौकोनी नळ्यांचा करावा. हलका, सुबक, भिंतीवर चित्र काढल्यासारखा. मग म्हणाले, "हॉट रोल्ड लावलं की काय होतं, त्याचा नमुना मी आणला नाही. तो तुमच्या मागच्या अंगणात उभाच आहे."

सगळे हसले. मीही हसलो. हे मुद्दाम लिहितो. मीही हसलो.

मोठ्या बाई हसल्या नाहीत. मला विचारलं, तुमचं मत काय. म्हटलं, एचआरच. पातळ नळी उघड्यावर आतून कुजते आणि बाहेरून कळत नाही. "मग या जिन्याचं असं का झालं?" — सरळ प्रश्न. सरळ प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर होतं. ते घशापर्यंत आलं, तिथे जरा टेकलं, आणि बाहेर भलतंच पडलं —

"देखभाल कमी पडली असेल."

दाराशी घंटाकाका उभे होते. दर दोन वर्षांनी जिन्याला रंग देतात ते तेच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. इंजेक्शन देणाऱ्याकडे मूल बघतं तसं.

७ मार्च, शुक्रवार

हिला सगळं सांगितलं. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या थांबल्या नाहीत.

"देवाला सांगितलंत?"

म्हटलं, रोज सांगतो. एकोणीस वर्षं सांगतोय.

"त्याला काय नवीन? तो तेव्हाही बघत होता. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

मी म्हटलं, काम जाईल. वर्कशॉपचं नाव जाईल. ही म्हणाली, "नाव जाईल कसं? उलट आतापर्यंत त्या जिन्यावर नव्हतं, ते लागेल."

हिच्याशी बोलायला गेलं की असं होतं. देव निदान गप्प तरी असतो.

९ मार्च, रविवार

सुटी. सकाळी दिवा लावून बसलो. डोळे मिटले की वस्ताद.

वस्तादांकडे मी बारा वर्षं काम शिकलो. त्यांचा नेम होता. एचआर आलं की ते आवारात उघड्यावर टाकून द्यायचं. ऊन, पाऊस, दव, सगळं त्याच्यावर जाऊ द्यायचं. एक पावसाळा गेला की खपली आपोआप सुटी होते. मग तारेच्या ब्रशने घासायचं, पांढरं स्वच्छ लोखंड दिसलं की त्याच दिवशी प्रायमर. लोक विचारायचे, माल गंजवता कशाला? वस्ताद म्हणायचे, "आता गंजू द्या, म्हणजे नंतर गंजणार नाही." गिऱ्हाईक कंटाळून निघून जायचं. वस्ताद बिडी शिलगावायचे.

शाळेचा जिना माझं स्वतंत्र झाल्यावरचं पहिलं मोठं काम. तीस वर्षांचा होतो. उद्घाटनाची तारीख ठरलेली, पत्रिका छापलेल्या. वस्ताद म्हणाले, तारीख पुढे ढकल. मी म्हटलं, पत्रिका छापल्यात. ते म्हणाले, मग घासून तरी काढ. म्हटलं, वेळ कुठाय. आणि खपली दिसतही होती काय सुरेख! निळीशार. बोट फिरवावंसं वाटावं अशी.

रंगाच्या दिवशी वस्ताद आले. गुडघे गेलेले, जिना चढवेना. जमिनीवर उभं राहून जिथे हात सहज पोचतो ती पायरी त्यांनी धरली. ती सातवी. तारेचा ब्रश घेऊन घासत राहिले. वरून, खालून, कोपऱ्यांतून. सकाळचे दहा ते दुपारचे तीन. आम्ही बाकीच्या एकवीस तेवढ्या वेळात रंगवून मोकळे. माझी माणसं एकमेकांना कोपराने ढोसत होती. मीच म्हणालो होतो, म्हातारं हट्टी आहे, करू द्या.

सातवीला प्रायमरचे दोन हात देऊन त्यांनी ब्रश माझ्या हातात ठेवला. "एक मी केली. बाकीच्या तू बघ." एवढंच. मग मी तिच्यावरही तोच हिरवा रंग मारला. बावीसच्या बावीस सारख्या दिसू लागल्या.

तीन वर्षांनी वस्ताद गेले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही नाही. आम्ही दोघंही मोठे समजूतदार.

११ मार्च, मंगळवार

समिती वर्कशॉपवर आली. मी ठरवलं होतं, आपल्याबद्दल बोलायची वेळच येऊ द्यायची नाही. लोखंडालाच बोलू द्यायचं.

टायवाल्यांची एक चकचकीत जाड पट्टी घेतली, हातभर लांब. करवत-मशीनवर तिच्या मधोमध उभा काप दिला. काप संपता संपता दोन्ही अर्ध्या भागांनी एकमेकांकडे पाठ फिरवली आणि धनुष्यासारखे बाहेर वाकले. सुंदर! अंगात धरून ठेवलेला ताण सुटला की असंच होतं. मग एचआरची तेवढीच पट्टी तशीच कापली. दोन्ही भाग सरळ. शेजारी शेजारी पडून राहिले, जुन्या नवरा-बायकोसारखे.

मी पाहुण्यांकडे पाहिलं. मला वाटलं, आता कुणी काही विचारायला नको.

अध्यक्षांनी दोन्ही जोड्या उचलल्या, चष्मा वर सरकवला आणि टायवाल्यांना हळूच म्हणाले, "यांनी आपली नीट कापली. तुमची वाकडी कापली."

तीस वर्षं लोखंडात काढली. पहिल्यांदाच लोखंड खरं बोललं आणि खोटं मी ठरलो. तक्रार कुठे करणार?

१२ मार्च, बुधवार

काही झालं नाही. देवापुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ बसलो. त्याने भागत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक.

१४ मार्च, शुक्रवार

दुपारी घंटाकाका वर्कशॉपवर आले. हातात शाळेचं पाकीट. अध्यक्षांनी त्यांना पत्र दिलंय. जिन्याच्या देखभालीत हयगय झाल्याचं तज्ज्ञांच्या मतावरून दिसतं, तरी आपला लेखी खुलासा गुरुवारच्या बैठकीत सादर करावा.

तज्ज्ञ म्हणजे मी.

त्यांना निवृत्त व्हायला चार महिने राहिलेत. स्टुलावर बसले. मी पाणी दिलं. त्यांनी वर्कशॉपभर नजर फिरवली, म्हणाले बरं वाढवलंत. मग पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं.

"मला एवढं लिहिता येत नाही. तुमचं अक्षर चांगलं. खुलासा तुम्ही लिहून द्या."

म्हटलं, "काय लिहू?"

"तुम्हाला माहीत आहे ते लिहा."

गेले. चप्पल ओढत चालतात, म्हणून बराच वेळ ऐकू येत राहिले.

१५ मार्च, शनिवार

खुलासा लिहायला बसलो. 'मी दर दोन वर्षांनी जिन्याला नियमितपणे रंग देत आलो आहे.' इथपर्यंत खरं. दुसरं वाक्य 'तथापि' या शब्दाने सुरू केलं. गुरुजी म्हणायचे, तथापि आला की समजावं, लिहिणारा पळवाट शोधतोय. फाडला.

१६ मार्च, रविवार

आणखी तीन फाडले. एकात समुद्राकडची दमट हवा घातली होती. समुद्र इथून दोन दिवसांच्या वाटेवर आहे.

हिने कचऱ्याची बादली पाहिली. म्हणाली, "एवढ्या कागदात नवा जिना झाला असता."

१८ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते मात्र झोंबलं.

टायवाल्यांना जिना मोजायला बोलावलं होतं, म्हणून मीही गेलो. ते दोरीखालून वाकून आत शिरले, आणि माझ्यासारखीच हातोडी वाजवत चढू लागले. विक्रेता असला तरी कान आहे. सातवीवर थांबले. नाण्याने कड खरवडली. रंग निघेना. खाली आले तेव्हा तोंड उजळलेलं.

"बाई, ही एक बघा. एकवीस सडल्या, ही एकटी शाबूत. का? ही कुणीतरी मागाहून बदललीय. आणि बदलताना सीआर लावलंय! आमचंच असणार. मी तर म्हणतो हिच्यावर फुली मारून ठेवा, समितीला दाखवू."

आणि खिशातून खडू काढून सातवीवर फुली मारली.

वस्तादांच्या पायरीवर. ज्यांनी आयुष्यात सीआरला हात लावला नाही, 'आरशाला काय जिना करायचा' म्हणायचे, त्यांच्या पाच तासांवर!

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या बघतात तेव्हा उत्तरासाठी जागा सोडून बघतात. जागा मोठी होती. मी तिच्यात काही ठेवलं नाही.

घंटाकाका लांबून, "मिस्त्री, खुलासा झाला का लिहून?"

"होतोय."

१९ मार्च, बुधवार

खुलासा झाला. एका बैठकीत. तथापि एकदाही नाही.

२० मार्च, गुरुवार

बैठक जिन्यापाशीच भरली. बाकं बाहेर आणली होती. टायवाल्यांनी सातवी पायरी दाखवली. अध्यक्ष डोलले. कुणीतरी म्हणालं, पुरावाच समोर आहे, आणखी काय पाहिजे. मग अध्यक्ष घंटाकाकांकडे वळले. तुमचा खुलासा?

घंटाकाका म्हणाले, "मिस्त्रींनी लिहिलाय. तेच वाचतील."

मी उभा राहिलो. घडी उघडली आणि वाचलं. कागदावर होतं ते इथे उतरवतो, कारण कागद आता शाळेच्या फायलीत गेला.

'हा जिना एकोणीस वर्षांपूर्वी मी केला. लोखंड एचआर होतं आणि चांगलं होतं. त्यावरची खपली काढायला मला सांगितलं होतं. मी काढली नाही. रंग खपलीवर बसला, लोखंडावर नाही. त्यानंतर यांनी तो कितीही वेळा रंगवला असता तरी हेच झालं असतं. सातवी पायरी याच लोखंडाची आहे, त्याच दिवशी बसवलेली. ती माझ्या वस्तादांनी घासली, म्हणून ती राहिली. देखभाल कमी पडली असं मी म्हणालो, ते खोटं होतं.'

खाली सही. स्वतःची.

टायवाले आधी सावरले. म्हणाले, गोष्ट छान आहे, पण सातवी एचआरचीच, हे कशावरून?

म्हटलं, कडेवरून. तुमच्या पट्टीची कड बोटाला लागते. एचआरची गोलसर असते. मोठ्या बाई उठल्या. आधी मखमलीतल्या पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं, मग आठव्या पायरीच्या, मग सातवीच्या. पुन्हा आठवीच्या. डोळे मिटून. मग हातरुमालाने सातवीवरची खडूची फुली पुसून टाकली.

"एकच आहे," म्हणाल्या.

घंटाकाकांनी घड्याळ पाहिलं, "झालं एकदाचं," असं पुटपुटले आणि मधल्या सुटीची घंटा द्यायला गेले. दोन मिनिटं लवकर दिली. तीस वर्षांत पहिल्यांदा, असं नंतर त्यांनीच सांगितलं.

मला वाटलं होतं, आता बोलणी बसतील. त्याची तयारी करून गेलो होतो. मान किती खाली घालायची तेही ठरवलं होतं. पण मोठ्या बाई मला लागेलसा एक शब्दही बोलल्या नाहीत. वही उघडली, पेन्सिल ओली केली आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, "त्या वर्षी तुम्ही आणखी काय काय केलंत?"

माझं डोकं रिकामं झालं. खरंच. एकोणीस वर्षं मी या एका जिन्याचं ओझं वाहिलं. इतक्या मनोभावे, की दुसरीकडे कधी पाहिलंच नाही.

"आठवून सांगतो," म्हणालो.

"सांगा," म्हणाल्या. आणि पुढची ओळ मोकळी सोडली.

२२ मार्च, शनिवार

शाळेचं पत्र आलं. नवा जिना एचआरचाच. आधी एक पावसाळा उघड्यावर टाकून, खपली पूर्ण काढून. काम पुलापलीकडच्या मिस्त्रींना. रंग देण्यापूर्वी प्रत्येक पायरी तपासायला मी. बिनपगारी. अध्यक्षांनी पत्रात माझ्यापुढे 'तज्ज्ञ' ऐवजी 'श्री.' लिहिलंय. बढतीच म्हणायची.

घंटाकाकांचं पत्र मागे घेतलं. त्यांना ते परत द्यायचं नव्हतं म्हणे, पहिल्यांदाच कुणी एवढ्या मोठ्या कागदावर त्यांचं पूर्ण नाव लिहिलं होतं.

हिला पत्र वाचून दाखवलं. काम गेलं, म्हटलं. ही म्हणाली, "तुम्हाला सल्ला द्यायला बोलावलं होतं ना? तो तर घेतला त्यांनी."

२३ मार्च, रविवार

माळ्यावरून जुन्या कामांची वही काढली. त्या वर्षीची पानं.

कामं मिळाली कशी तेही आठवलं. उद्घाटनाला आलेल्या लोकांनी जिना पाहिला होता. हिरवागार, नवा कोरा. म्हणाले, आम्हालाही असाच मिस्त्री हवा. आणि मी सगळ्यांना 'असंच' करून दिलं. तीच घाई. तीच निळीशार खपली. तोच हिरवा रंग.

पाच कामं. एक इमारत पाडली, ते गेलं. राहिली चार. दवाखान्याच्या गच्चीवरचा टाकीचा स्टँड. छापखान्यातला पोटमाळा. एका घराचा मागचा जिना. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीचा कठडा.

त्यांतल्या एकाजवळ तरी वस्ताद ब्रश घेऊन आले होते का, हे आठवायचा प्रयत्न केला. नाही. त्यांनी दाखवायचं ते एकदाच दाखवलं.

दिवा लावला. बसलो. पण आज काही सांगण्यासारखं नव्हतं. सांगून झालेलं होतं.

२४ मार्च, सोमवार

नऊला निघालो. कोपऱ्यापर्यंत गेलो. परत आलो. हिला सांगितलं, हातोडी विसरलो. हातोडी पिशवीत होती. हिने पिशवीकडे पाहिलं आणि चहा टाकला.

मोठ्या बाईंना मात्र चारही पत्ते लिहून पाठवले. आता त्यांच्या वहीतली ओळ मोकळी नाही.

२५ मार्च, मंगळवार

गेलो. तिसरा मजला. बेल वाजवली. दार उघडलं त्या बाईंच्या कडेवर नातू. म्हटलं, तुमच्या गॅलरीचा कठडा मी केलाय, एकोणीस वर्षं झाली, जरा वाजवून बघायचाय.

त्या म्हणाल्या, "पण आम्ही तक्रार केली नव्हती."

"हो," म्हटलं. "ती मीच घेऊन आलोय."

पहिलाच गज — थप्प. दोरी बरोबर नेली होती. बांधली.